भंगारातला आस घेण्याआधी फेरे मोजा



चिकलठाणा शिवारातल्या एका तरुण वाचकाचे पत्र आले आहे. त्यांच्याकडे जुन्या जीपची चेसिस व गिअरबॉक्स आहे आणि २००० फेऱ्यांवर १५ अश्वशक्ती देणारे डिझेल इंजिन आहे. चारा, शेणखत आणि भाजीपाला वाहण्यासाठी ते घरीच लहान गाडी बांधत आहेत. भंगारवाल्याकडे डिफरन्शियलसकट मागचे तीन आस आहेत. एक ४३ बाय ८ चा, दुसरा ३९ बाय ८ चा आणि तिसरा अलीकडच्या गाडीचा, ३.७३ चा. ते विचारतात, "कोणता घ्यावा? ओझेही ओढले पाहिजे आणि जाधववाडीच्या मार्केटला जाताना गाडी पळालीही पाहिजे."

हा हिशेब शाळेतल्या गुणाकार-भागाकाराने सुटतो, म्हणून सर्वांसाठी देतो.

आधी डिफरन्शियल कशासाठी असते ते पाहू. आपल्या बैलगाडीची चाके आसावर आपापली फिरतात, म्हणून वळताना अडत नाहीत. मोटारीत दोन्ही चाकांना इंजिनाचा जोर द्यायचा असतो. ती एकाच दांड्याला घट्ट बसवली, तर वळणावर पंचाईत होते. दोन चाकांत सव्वा मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण वळशात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जवळजवळ आठ मीटर जास्त चालते. डिफरन्शियल दोघांना जोर देते आणि वेगवेगळे फिरूही देते. त्याचा तोटा तुम्ही ट्रॅक्टरवर पाहिलाच आहे. काळ्या मातीच्या चिखलात एक चाक गरगर फिरते आणि दुसरे जागीच राहते. त्यासाठीच ट्रॅक्टरला डिफरन्शियल लॉक दिलेला असतो. तो सरळ चालतानाच लावावा, वळताना कधीही नाही. काही कारागीर भंगाराच्या डिफरन्शियलमधील गिअर वेल्डिंगने जाम करून देतात. तसे करू नये. वळणावर टायर घासतात आणि ॲक्सल तुटतो.

आता आकड्यांचा अर्थ. ४३ बाय ८ म्हणजे मोठ्या क्राऊनला ४३ दात आणि लहान पिनियनला ८ दात. पिनियन ५.३८ वेळा फिरले की चाक एकदा फिरते. जुन्या सीजे-३बी जीपला हेच दात होते. महायुद्धातल्या विलीज एमबी जीपला ३९ बाय ८, म्हणजे ४.८८ होते. हे प्रमाण पहारीसारखे आहे. पहार लांब धरली तर दगड सहज उचलतो, पण थोडाच हलतो. आकडा मोठा तर ओढ जास्त आणि वेग कमी. आकडा लहान तर वेग जास्त आणि ओढ कमी. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

वेगाचा हिशेब असा. जीपचे टायर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर चालते. इंजिनाचे २००० फेरे गुणिले २.२ गुणिले ६० मिनिटे म्हणजे ताशी २६४ किलोमीटर. टॉप गिअरमध्ये याला आसाच्या प्रमाणाने भागायचे. ५.३८ चा आस ताशी ४९ किलोमीटर देतो, ४.८८ चा ५४ आणि ३.७३ चा ७१.

आता ओढ पाहू. गाडी आणि माल मिळून १००० किलो वजन धरू. दहा फुटांना एक फूट चढ असेल, तर चढासाठी सुमारे १०० किलोची ओढ लागते. भुसभुशीत रानात चाके रुततात, त्यासाठी आणखी १०० किलो धरा. एकूण २०० किलो झाले. जीपच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८ चा असतो. गिअर आणि आसात १५ टक्के जोर वाया जातो असे धरले, तर पहिल्या गिअरमध्ये चाकाशी मिळणारी ओढ अशी येते : ५.३८ च्या आसाने सुमारे १९६ किलो, ४.८८ ने १७८ आणि ३.७३ ने फक्त १३६. म्हणजे पहिल्या आसाने गाडी चढाच्या अगदी काठावर राहते. तिसऱ्या आसाने ती बांधाखालीच थांबेल आणि क्लच जळेल.

वाचकांनी ४३ बाय ८ चा आस घ्यावा आणि एकूण वजन ९०० किलोच्या आत ठेवावे. मोकळी गाडी काट्यावर वजन करून पाहावी. ती ६०० किलो भरली, तर माल ३०० किलोच घालावा. याच आसाचा आणखी एक फायदा आहे. उतारावर पहिल्या गिअरमध्ये इंजिन गाडीला चांगले धरून ठेवते आणि ब्रेकवरचा भार कमी होतो.

मिस्त्रीने सांगितलेल्या आकड्यावर मात्र पैसे देऊ नयेत. वरचे नाव एका गाडीचे आणि आतले दात दुसऱ्याचे, असे भंगारात नेहमी होते. दोन्ही चाके अधांतरी ठेवा. एक चाक दुसऱ्या माणसाने घट्ट धरावे. दुसरे चाक तुम्ही वीस पूर्ण फेरे फिरवा. पिनियनच्या तोंडाशी खडूची खूण करून ते किती वेळा फिरले ते मोजा. जवळजवळ ५४ फेरे झाले तर ४३ बाय ८, ४९ झाले तर ३९ बाय ८ आणि ३७ झाले तर ३.७३.

फिरवताना कटकट आवाज आला तर झाकण काढून दात पाहावेत. तुकडा उडालेला असेल तर तो आस घेऊ नये. क्राऊन आणि पिनियन ही जोडी असते, त्यातले एकच बदलू नये. तेल गिअरसाठीचे ईपी ९० प्रतीचे घालावे, इंजिनाचे जळके तेल नको. आस उलटा पालथा बसवला, तर पुढच्या गिअरमध्ये गाडी मागे जाते. चारही चाकांना जोर द्यायचा असेल, तर पुढच्या आणि मागच्या आसाचे प्रमाण एकच असावे लागते.

राहिला प्रश्न मार्केटला जाण्याचा. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी सुमारे ६० हजार रुपयांत भंगारातून छोटी जीप बांधली, हे पुष्कळांनी ऐकले असेल. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्र यांनी तिचे कौतुक केले. पण नियमात बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले. त्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जुगाड हेही मोटार वाहनच ठरवले आहे. म्हणजे नोंदणी आणि विमा आलाच, आणि घरी बांधलेल्या अशा गाडीला नोंदणी मिळत नाही. रस्ता म्हणजे केवळ जालना रोड नव्हे. लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली पाणंदही त्यात येते.

म्हणून ही गाडी स्वतःच्या रानातच चालवावी. निंदणीच्या बाया किंवा शाळेची मुले तिच्यात बसवू नयेत. विमा नसलेल्या गाडीखाली कोणी सापडले, तर भरपाई मालकाच्या अंगावर येते आणि ती फेडताना जमीन विकण्याची पाळी येते. जाधववाडीला माल नोंदणी असलेल्या टेम्पोने पाठवावा. चार शेजाऱ्यांनी मिळून टेम्पो केला, तर भाडेही वाटले जाते.

गाडी रानातच राहणार असेल, तर ताशी ७१ किलोमीटरचा उपयोग काय? तिथे लागते ती ओढ. आस विकत घेण्याआधी चढ, वजन आणि टायर हे तीन आकडे वहीत लिहा आणि हिशेब घरच्यांसमोर मांडा. ब्रेक, लाइनर आणि नवे तेल यांचा खर्च त्यातच धरा. पैसे कमी पडत असतील, तर आधी ब्रेक करा आणि गाडी त्यानंतरच सुरू करा.