पाहणी मृगातही व्हावी

गेवराई तालुक्यातील तलवाडा येथे त्वरितादेवीच्या दर्शनास आलेला यात्रेकरू चैत्रातल्या भर दुपारी भोवतालच्या माळाकडे पाहील, तर तापलेले दगड आणि बोरी-बाभळी यांखेरीज येथे काही नांदत असेल, असे त्याच्या मनातही येणार नाही. यात्रेकरूची ही समजूत क्षम्य आहे. परंतु गावच्या सजीवसृष्टीचे दप्तर ठेवण्याची जबाबदारी कायद्याने ज्यांच्याकडे आलेली आहे, त्यांनीही तशाच दुपारी शिवारात फेरी मारून बेडकांच्या रकान्यात ‘निरंक’ असा शेरा लिहिला, तर तो कागद रीतसर असूनही खोटा ठरतो.

२००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने समिती नेमून लोक जैवविविधता नोंदवही सिद्ध करावयाची आहे. हे काम देशभर रेंगाळले, तेव्हा राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही अखेरची मुदत घालून दिली. मुदतीमागील हेतू स्तुत्यच होता; पण माघाच्या थंडीत माळावरचा बेडूक जमिनीच्या पोटात असतो, आणि तेथे लवादाचा हुकूम बजावता येत नाही.

भुसभुशीत मातीत राहणारे बेडूक मागच्या पायांवरील फावड्यासारख्या कठीण उंचवट्याने माती उकरीत पाठमोरेच खाली सरकतात, वर्षाचा मोठा भाग तेथल्या ओलाव्यावर निपचित काढतात, आणि मृगाची दमदार सर कोसळली की अंधारात वर येऊन डबक्याकाठी असा गलका मांडतात, की ज्याला डोळ्यांनी एकही दिसला नाही त्यालाही कानांनी मोजदाद करता यावी. डबके आटण्यापूर्वी अंड्यापासून बेडकापर्यंतचा प्रवास उरकणे त्यांना भागच असते. सरड्यांचे वेळापत्रक निराळे. २०१६ साली शास्त्रज्ञांनी ‘सरडा’ या मराठी नावानेच जी स्वतंत्र प्रजाती मांडली, तीतील नर पावसाळ्याआधीच्या कडक उन्हात दगडावर चढून गळ्याखालचा रंगीत पडदा उघडमीट करीत असतात. सारांश, एकाच फेरीत दोघांचीही गाठ पडेल ही अपेक्षा व्यर्थ आहे.

यासाठी मोठ्या सरंजामाची गरज नाही. एकदा उन्हाळ्यात दिवसा आणि एकदा पहिल्या पावसानंतर रात्री, ठरलेल्या वाटेने, विजेरी घेऊन चालावे. तारीख, वेळ, पावसाचे मान आणि जागा टिपावी. आवाज ध्वनिमुद्रित करावेत. रस्त्यावर चिरडलेला सापही नोंदीतून वगळू नये. दगडाखाली फुरसे असू शकते, म्हणून दगड हाताने उलथू नये. प्लॅस्टिकचे अस्तर घातलेली शेततळी अवश्य पाहावीत, कारण त्यांच्या निसरड्या उतारावर उतरलेल्या जीवाला पुष्कळदा वर येता येत नाही. काठावरून एखादे खरबरीत जाळे आत सोडले, तर त्याची सुटका होते.

अवर्षणाने गांजलेल्या जिल्ह्यात बेडूक-साप मोजण्याची चैन कोणाला परवडणार, असा आक्षेप येईल, आणि तो उपहासाने उडवून लावण्यासारखा नाही. परंतु २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. आणि या मृत्यूंचा मोठा भाग पावसाळ्यात, खेड्यापाड्यांत घडतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांपैकी कोणता साप कोणत्या शिवारात आणि कोणत्या महिन्यात अधिक दिसतो, याची विश्वासार्ह नोंद ग्रामपंचायतीच्या दप्तरात असेल, तर प्रतिविषाचा साठा केव्हा वाढवावा आणि रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याला कोठे सावध करावे, हे प्राथमिक आरोग्य केंद्राला वेळीच ठरविता येईल. तेव्हा समित्यांनी या नोंदवहीची उजळणी करताना रोहिणीत एक व मृगात एक अशा दोन फेऱ्या सक्तीच्या कराव्यात, आणि ज्या नोंदीपुढे पावसाचे मान लिहिलेले नाही, ती बेशक फेरतपासणीसाठी परत पाठवावी.