‘कोणती लँग्वेज शिकावी?’

बारावीचे निकाल लागले की ब्रह्मपुरीत बसस्थानकापासून कॉलेजच्या रस्त्यापर्यंत संगणक वर्गांचे फलक झळकू लागतात. ‘एआय शिका’, ‘डेटा सायन्स शिका’, ‘शंभर टक्के नोकरीची हमी’. झाडीपट्टीतल्या गावोगावची मुले-मुली शिक्षणासाठी या शहरात येतात. त्यांच्याबरोबर येतो तो पैसाही आमच्या वाचकांच्या ओळखीचा आहे. कुणाच्या बापाच्या गवंडीकामाची मजुरी, कुणाच्या आईने बचत गटातून काढलेले कर्ज, कुणाच्या दीड एकरातल्या धानाची पट्टी. अशा घरांतून आम्हाला हमखास विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : कोणती लँग्वेज शिकली म्हणजे पोराला नोकरी लागेल?

प्रश्न रास्त आहे. पण कोणत्याही एका लँग्वेजचे नाव सांगून आम्ही मोकळे झालो तर ती वाचकांची फसवणूक होईल. ती का, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यात जे संगणक वर्ग निघाले, तेथे डॉस, वर्डस्टार, लोटस आणि फॉक्सप्रो शिकवीत. फॉक्सप्रो येणाऱ्या मुलाला तेव्हा भाव होता. दुकानाचा हिशेब, पतसंस्थेची खाती, कारखान्याचे पगारपत्रक अशी कामे त्यात होत. फॉक्सप्रो ज्या कंपनीचे, ती १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००४ मध्ये निघाली आणि २०१५ मध्ये कंपनीने त्याचा आधारही काढून घेतला. ज्यांनी फक्त आज्ञा पाठ केल्या होत्या, त्यांची विद्या तेथेच संपली. ज्यांना माहिती तक्त्यात कशी मांडायची हे समजले होते, त्यांनी नवी भाषा उचलली आणि पुढे गेले. कारण माहिती तक्त्यांत मांडण्याचा हा विचार कॉड नावाच्या संशोधकाने १९७० मध्येच मांडला होता आणि त्यावर उभी राहिलेली एसक्यूएल ही भाषा १९७४ पासूनची आहे. फॉक्सप्रो गेले, एसक्यूएल आजही बँकेत, रेल्वेत, सरकारी कार्यालयांत रोज चालते आहे.

हा तक्ता म्हणजे काही अवघड वस्तू नाही. घरातला सातबारा काढून पाहावा. गावाचे नाव, गट क्रमांक, खातेदार, क्षेत्र, पीक. प्रत्येक रकान्याला ठरलेली जागा आहे. आता विचार करा, गट क्रमांक ४५ आपल्या गावात आहे तसा शेजारच्या गावातही आहे. मग नुसता ४५ टाकून संगणकाला आपले शेत सापडेल काय? नाही. गाव आणि गट क्रमांक दोन्ही मिळून ओळख पटते. यालाच संगणकवाले ‘की’ म्हणतात. एका शेताला चार खातेदार असतील तर त्यांची नावे एकाच रकान्यात कोंबायची की वेगळा तक्ता करून जोडायचा, हा पुढचा प्रश्न. हे ज्या मुलीला सातबाऱ्यावरून समजले, तिला बँकेचे कामही समजेल, दवाखान्याचेही. आमच्या मते एसक्यूएल हे प्रत्येकाने शिकावे असे पहिले साधन आहे, आणि त्याचे मोठे फलक कुठे दिसत नाहीत हीही एक गंमत आहे.

भाषेचे म्हणाल तर तंत्रनिकेतनात सी शिकवतात. ती १९७२ च्या सुमाराची, पण संगणक आत कसा चालतो हे तिच्यातून कळते. घरी स्वतःहून सुरुवात करायची असेल तर पायथन सोपी आहे. तीही काल-परवाची नव्हे, १९९१ ची आहे. जावा १९९५ ची. यांपैकी एक नीट शिकावी, म्हणजे पुस्तक बंद करून दोनशे ओळींचा चालता प्रोग्राम लिहिता येईपर्यंत शिकावी. चार भाषांची चार प्रमाणपत्रे भिंतीला लावण्यापेक्षा ते अधिक उपयोगाचे.

येथे पालकांचा एक गैरसमजही दूर केला पाहिजे. २००१ मध्ये सुरू झालेला एमएस-सीआयटी अभ्यासक्रम किंवा टंकलेखनाची संगणकावरची परीक्षा सरकारी नोकऱ्यांसाठी अनेक ठिकाणी लागते आणि ती अवश्य करावी. पण ती संगणक वापरण्याची तयारी आहे. प्रोग्राम लिहिणे ही निराळी विद्या. ‘आमच्या पोराने कम्प्युटर केला’ एवढ्यावर समाधान मानू नये.

आता एआयकडे येऊ, कारण सगळ्यांच्या तोंडी तेच आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांसमोर आले. तेव्हापासून असली यंत्रे सांगितल्याबरोबर प्रोग्राम लिहून देतात. मग शिकायचे तरी कशाला, असे मुले विचारतात. एक उदाहरण घेऊ.

समजा, रोवणीला जाणाऱ्या बाराजणींच्या हजेरीचा आणि मजुरीचा हिशेब करणारा प्रोग्राम एका मुलाने यंत्राकडून लिहून घेतला. हजेरीसाठी त्यात पूर्णांकाचा कप्पा वापरला गेला. सी भाषेत अशा कप्प्यात साडेचार टाकले की मागे फक्त चार उरतात. प्रोग्राम अडखळत नाही, कुरकुरत नाही, बेरीज ठणठणीत दाखवतो. पण दुपारी पाऊस आल्यामुळे ज्यांची अर्धी हजेरी लागली, त्या प्रत्येकीची अर्ध्या दिवसाची मजुरी गेली. रोज ३०० रुपये धरला तर एकीचे १५० आणि बाराजणींचे १८०० रुपये. उचल वजा जाता हातात कमी पैसे आले तरी बाई काय म्हणणार? कम्प्युटरने काढलेला हिशेब आहे म्हणून गप्प बसणार.

ही चूक कोण पकडेल? ज्याला कप्प्यांचे प्रकार माहीत आहेत आणि ज्याने रोवणीची अर्धी हजेरी स्वतःच्या घरात पाहिली आहे, तो. आमच्या मुला-मुलींकडे या दोनपैकी दुसरी गोष्ट जन्मापासून आहे. पहिली शिकायची आहे. यंत्राने लिहिलेला प्रोग्राम ओळ न ओळ वाचता येणे, त्याला मुद्दाम वाकडी उदाहरणे देऊन तपासणे, म्हणजे अर्धी हजेरी, शून्य हजेरी, मजुरीपेक्षा जास्त उचल, आणि मग तो खरा की खोटा हे ठरवणे, हे कौशल्य आज सर्वांत मोलाचे झाले आहे. याला टेस्टिंग म्हणतात. म्हणून आम्ही असे सुचवतो की, शिकाऊ मुलांनी पहिले सहा महिने एआयकडून प्रोग्राम लिहून घेऊ नये. आपण लिहिलेला का चालत नाही हे मात्र खुशाल विचारावे. पोहायला शिकताना पाठीला भोपळा बांधतात, पण हातपाय आपलेच मारावे लागतात.

दुसरे उदाहरण आपल्या गावाच्या नावाचे. कोणी ‘ब्रह्मपुरी’ लिहितो, कोणी ‘ब्रम्हपुरी’. माणसाला दोन्ही एकच. संगणकाला मात्र ‘ह’ आधी की ‘म’ आधी यावरून ती दोन निराळी गावे होतात. एकाने एका प्रकारे अर्ज भरला आणि यादी दुसऱ्या प्रकारे शोधली तर त्याचे नाव यादीत सापडत नाही. ‘पऱ्हे’ या शब्दाची तऱ्हा तर याहून न्यारी. त्यातला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन रीतींनी टाइप होतो, कागदावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण आतले आकडे वेगळे. डोळ्यांना दिसणारच नाही अशी ही चूक. रेशनकार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरे म्हणून हेलपाटे घातलेल्या आमच्या वाचक भगिनींना यातला त्रास समजावून सांगण्याची गरज नाही. मराठी मजकूर संगणकात कसा साठतो, युनिकोड म्हणजे काय, दोन लिखाणे एकच आहेत हे प्रोग्रामला कसे शिकवायचे, हे ज्याला येते असे प्रोग्रामर महाराष्ट्रात लागतात. मराठी घरातल्या मुलाने हे सोडून देऊ नये.

तिसरे साधन गिट. नाव विचित्र आहे, पण आपल्या बचत गटाच्या नोंदवहीसारखेच ते चालते. नोंदवहीत चुकलेला आकडा कोणी रबराने खोडत नाही. नवी ओळ लिहितात, तारीख टाकतात, सही करतात. प्रोग्राममध्ये कोणी, केव्हा, काय बदलले याची अशीच वही गिट ठेवते, आणि काही बिघडले तर कालच्या पानावर परत जाता येते. लिनस टोरवाल्ड्स याने २००५ मध्ये ते तयार केले आणि आज बहुतेक कार्यालयांत हेच चालते. आपले काम गिटहबवर मोफत ठेवता येते आणि नोकरीच्या वेळी ते दाखवता येते. शहरात आपल्याला शिफारस करणारे कोणी नसते, तेव्हा ही वही बोलते. फक्त एक सावधगिरी बाळगावी. सरावासाठी गावातल्या खऱ्या माणसांचे आधार क्रमांक, फोन नंबर त्यात टाकू नयेत. एकदा ते सगळ्या जगाला दिसले की परत झाकता येत नाहीत.

हे झाले नव्याने शिकणाऱ्यांचे. पण ज्यांचा मुलगा पुण्याला किंवा नागपूरच्या मिहानमध्ये लागला, त्या घरांनीही निर्धास्त होऊ नये. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएस या देशातल्या सर्वांत मोठ्या संगणक कंपनीने सुमारे १२,००० माणसे, म्हणजे जवळपास २ टक्के कर्मचारी, कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत बहुतेक मधल्या आणि वरच्या पातळीवरचे, म्हणजे अनुभवी होते. ही कपात एआयमुळे नाही, असे कंपनीच्या प्रमुखांनी सांगितले. कौशल्य आणि काम यांचा मेळ बसत नाही, असे ते म्हणाले. त्यावर कामगार संघटनांनी आक्षेप घेतला आणि तो आम्हाला योग्य वाटतो. वीस वर्षे राबवून घेतलेल्या माणसाला नवे शिकवण्याची जबाबदारी कंपनीचीही आहे. तरी आपल्या घरावर कर्जाचा हप्ता आहे हे आपल्याला विसरता येत नाही. तेव्हा दिवाळीला घरी आलेला मुलगा सकाळी तासभर लॅपटॉप घेऊन बसला तर ‘इथेही तेच का’ म्हणून त्याला उठवू नये. आपल्या साधनाच्या नव्या आवृत्तीत काय बदलले एवढे वाचायलाही तो तास लागतो.

शिकायचे कुठे? ब्रह्मपुरीला शासकीय तंत्रनिकेतन आहे, कॉलेजे आहेत. याशिवाय आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल पाहावे. सी, जावा, पायथन, लिनक्स यांचे छोटे छोटे पाठ तेथे मोफत आहेत आणि त्यांतले बरेच मराठीतून ऐकता येतात. केंद्र सरकारच्या स्वयंमवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने आहेत. शिकायला पैसे नाहीत, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच शुल्क आहे. पुण्याची बार्टी अनुसूचित जातीच्या उमेदवारांसाठी प्रशिक्षणाच्या जाहिराती काढते, त्यांवर लक्ष ठेवावे. इंग्रजीची भीती मनातून काढावी. प्रोग्राम अडला की यंत्र दोन ओळींचा इंग्रजी निरोप देते. शंभरेक शब्द परत परत येतात. ते वहीत मराठी अर्थासह लिहून काढले की महिन्याभरात निरोप वाचता येऊ लागतो.

खासगी वर्ग लावायचाच असेल तर पैसे भरण्याआधी पालकांनी स्वतः जावे, आणि एका मुलाला रोज किती तास यंत्रावर बसायला मिळते ते विचारावे. मागच्या वर्षीच्या मुलांनी स्वतः लिहिलेला एखादा प्रोग्राम चालवून दाखवायला सांगावे. दाखवता आला नाही तर फलकावरची हमी कितीही टक्क्यांची असो, पैसे पदराला बांधूनच घरी परतावे. आणि सगळी फी एकदम भरू नये, पावती घ्यावी.

राहिला यंत्राचा प्रश्न. मोबाइलवर पाठ ऐकता येतात, प्रोग्राम लिहिणे होत नाही. बोटांखाली कळफलक हवा. त्यासाठी नवाकोरा महागडा लॅपटॉप नको. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. पुढची आवृत्ती न चालणारी पुष्कळ जुनी यंत्रे त्यामुळे कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. त्यांवर लिनक्स टाकले की ती शिकण्याच्या कामाला उत्तम चालतात. लिनक्सला पैसे पडत नाहीत आणि नोकरीत सर्व्हरवर बहुधा तेच भेटते, म्हणजे तेही शिकून होते. एका घराला झेपत नसेल तर दोन-तीन घरांनी मिळून घ्यावे आणि विहाराच्या अभ्यासिकेत ठेवावे. वेळ वाटून घ्यावी, आणि त्यात मुलींची वेळ आधी लिहावी, नाहीतर स्वयंपाकाच्या वेळेला नेमकी तिचीच पाळी येते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा भर दुपारी यंत्र तापवू नये, पहाटेची वेळ बरी. विकत घेताना ८ जीबी रॅम आहे ना आणि आत एसएसडी आहे ना ते विचारावे, कळफलकाची प्रत्येक कळ दाबून पाहावी. बॅटरी कमजोर असली तर किंमत उतरवून मागावी.