संचिका भरतील, वाचणार कोण?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमांचा नवा आराखडा ठरवून दिला. स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून तो अमलात येऊ लागला. व्याख्याने आणि लेखी परीक्षा यांच्या जोडीला क्षेत्रप्रकल्प, प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण आणि समाजसहभाग यांनाही त्यात श्रेयांक आहेत. ही तरतूद स्वागतार्हच म्हटली पाहिजे. परंतु तिच्यापाठोपाठ एक अडचणीचा प्रश्न येतो. विद्यार्थ्याने बाजारपेठेत, कारखान्यात वा खेड्यात जाऊन जे केले, ते तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत मावत नाही. मग ते ठेवायचे कोठे, आणि वाचायचे कोणी? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर संगणकाने दिले आहे. दुसऱ्याचे उत्तर विद्यापीठांनी द्यावयाचे आहे.

संगणकाने दिलेल्या उत्तराची दोन रूपे आहेत. पहिले रूप अभ्यासक्रमाच्या संकेतस्थळाचे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील मार्टिन डुगियामास यांनी २००२ साली ‘मूडल’ या प्रणालीची पहिली पूर्ण आवृत्ती प्रसिद्ध केली. ती विनामूल्य असल्यामुळे जगभरच्या विद्यापीठांत पसरली. २०२० च्या टाळेबंदीत अशा संकेतस्थळांची ओळख आपल्याकडील लहान गावांतील महाविद्यालयांनाही करून घ्यावी लागली. टिपणे, स्वाध्याय, चाचण्या आणि गुण यांची तेथे चोख व्यवस्था असते. मात्र हे घर अभ्यासक्रमाचे असते. विद्यार्थी तेथे पाहुणा म्हणून येतो आणि सत्र संपले की निरोप घेतो.

दुसरे रूप इलेक्ट्रॉनिक संचिकेचे, म्हणजेच ज्याला पोर्टफोलिओ म्हटले जाते त्याचे. ही संचिका एखाद्या विषयाची नसून विद्यार्थ्याची असते. तीन-चार वर्षांत त्याने केलेले निबंध, पाहण्या, आलेख, छायाचित्रे, मुलाखतींचे ध्वनिमुद्रण असे निवडक काम तीत राहते. आणि त्या कामातून काय उमगले, कोठे चुकले, हे तो स्वतःच्या शब्दांत लिहितो. २०२१ साली सुरू झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीशी तिची गल्लत होता कामा नये. पेढीत श्रेयांक जमा होतात. संचिकेत ते ज्यामुळे मिळाले ते काम जमा होते.

या साधनाचे सामर्थ्य परदेशातील काही संस्थांनी दाखवून दिले आहे. न्यूयॉर्कमधील लागार्डिया कम्युनिटी कॉलेजात विविध देशांतून स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांतील, बेताच्या परिस्थितीतील विद्यार्थी मोठ्या संख्येने शिकतात. या महाविद्यालयाने शतकाच्या आरंभापासून संचिकेचा उपक्रम चिकाटीने चालविला. आपले शिक्षण, आपला पूर्वानुभव आणि आपली पुढची वाट यांचा सांधा विद्यार्थ्याने स्वतः जुळवावा, हा त्यामागील हेतू. न्यूझीलंडमध्ये २००६ साली चार उच्चशिक्षण संस्थांनी सार्वजनिक निधीतून संचिकेची एक खुली प्रणाली उभारण्यास प्रारंभ केला. तिला दिलेल्या माओरी नावाचा अर्थच ‘विचार’ असा आहे. २०१६ साली अमेरिकेतील महाविद्यालये व विद्यापीठे यांच्या राष्ट्रीय संघटनेने संचिकेला अधिक परिणामकारक शिक्षणपद्धतींच्या यादीत स्थान दिले. मात्र ती काळजीपूर्वक राबविली तरच हा परिणाम दिसतो, असा या क्षेत्रातील अभ्यासकांचा आग्रह आहे. केवळ प्रणाली बसविल्याने तो दिसत नाही.

आपल्याकडे हा इशारा विशेष लागू पडतो. कारण संचिकेची एक थोरली बहीण आपल्या महाविद्यालयांत पिढ्यानुपिढ्या नांदत आली आहे. ती म्हणजे प्रात्यक्षिकाची जर्नल. मूळ कल्पना उत्तम होती. विद्यार्थ्याने प्रयोग करावा, निरीक्षणे तिथल्या तिथे टिपावीत, चूक झाली तर तिचे कारण शोधावे. प्रत्यक्षात काय झाले, हे विज्ञानशाखेच्या कोणत्याही पदवीधराला ठाऊक आहे. मागील वर्षाची जर्नल उसनी आणावी, सत्राच्या अखेरीस रात्र जागून ती उतरवून काढावी, आणि पूर्ततेच्या प्रमाणपत्रावर सही व शिक्का घ्यावा. जर्नल भरली की नाही, एवढेच पाहिले जाऊ लागले. तीत काय भरले, हे वाचायला कोणाला सवड उरली नाही. मुले आळशी होती वा शिक्षक कामचुकार होते, एवढ्यावर हा दोष ढकलून चालणार नाही. जे लेखन कोणी वाचणार नाही ते मनापासून लिहिण्याचे कोणालाच कारण नसते. इलेक्ट्रॉनिक संचिका याच वाटेने गेली, तर फरक इतकाच पडेल की उतरवून काढायला रात्रीऐवजी पाच मिनिटे लागतील.

येथे अर्थशास्त्रातील एक साधा विचार उपयोगी पडतो. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली रंगभूमी व संगीत यांच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला. कारखान्यात यंत्रामुळे दर कामगारामागे उत्पादन वाढत जाते. परंतु चार वादकांची रचना वाजवायला पूर्वी जेवढा वेळ लागे तेवढाच आजही लागतो. शिक्षणाचेही तसेच आहे. संगणकामुळे टिपणाची लाखावी प्रत काढण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला, संचिका साठविण्याचा खर्चही नगण्य झाला. पण एका माणसाचे लेखन दुसऱ्या माणसाने समजून वाचण्याचा खर्च तसूभरही कमी झालेला नाही. उलट, साठविणे स्वस्त झाल्याने वाचावयाचे ढीग मात्र वाढले.

हिशेब करून पाहावा. समजा, एका वर्गात १२० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाची संचिका सत्रातून तीन वेळा, दर खेपेस पंधरा मिनिटे वाचून शिक्षकाने चार ओळींचा अभिप्राय द्यावयाचा आहे. एका खेपेचे तीस तास, तीन खेपांचे नव्वद. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हे आठवड्याला सहा तास झाले, तेही एकाच वर्गासाठी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापनाचे ठरविले आहेत. वेळापत्रकात मोजले जातात ते हेच तास. वाचनाचे सहा तास त्यांत बसविले, तर व्याख्यानाचे तास त्या प्रमाणात कमी करावे लागतील. नाही बसविले, तर ते वाचन कागदावरच राहील.

याहून बिकट अवस्था तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या शिक्षकांची आहे. पूर्णवेळ पदे रिक्त असल्याने अध्यापनाचा मोठा भार या मंडळींवर आहे, आणि त्यांना मोबदला मिळतो तो घेतलेल्या तासिकेचा. संचिका वाचण्याची तासिका नसते. ज्या कामाचे मोल शून्य ठरविले आहे ते काम मन लावून व्हावे, अशी अपेक्षा व्यवस्थेने धरणे म्हणजे गरजू माणसाच्या सद्‌भावनेवर कर बसविणे होय.

यावर असे म्हटले जाईल की, आता यंत्रच वाचू शकते. कृत्रिम बुद्धिमत्तेने तपासावे आणि शिक्षकाने सही करावी. या युक्तिवादाचा शेवट कोठे होतो हे पाहावे. विद्यार्थ्याचे चिंतन यंत्राने लिहावे, शिक्षकाचा अभिप्रायही यंत्राने द्यावा, आणि दोन माणसांमध्ये काहीच घडू नये, असा तो व्यवहार होईल. शुद्धलेखन पाहण्यास वा आकडेमोड पडताळण्यास यंत्राची मदत जरूर घ्यावी. परंतु लासलगावच्या बाजार समितीत आठ दिवस कांद्याचा लिलाव पाहून आलेल्या मुलीला “सकाळच्या आणि दुपारच्या भावांत एवढा फरक का पडला, हे तू कोणाला विचारलेस का?” असे विचारणारा माणूस तिला भेटलाच पाहिजे. त्या एका प्रश्नाने तिचे काम नोंदीच्या पातळीवरून अभ्यासाच्या पातळीवर जाते. अशा माणसापुढे उसने लेखन फार वेळ टिकतही नाही.

दुसरा मुद्दा मालकीचा. संचिका विद्यार्थ्याची असेल, तर ती पदवीनंतरही त्याच्या हाती राहिली पाहिजे. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद मोफत साठवण बंद करण्याचे २०२१ साली जाहीर केले आणि जुलै २०२२ पासून संस्थांना मर्यादा घातली. त्यानंतर अनेक विद्यापीठांना माजी विद्यार्थ्यांची खाती आवरती घ्यावी लागली. व्यापारी कंपनीने फुकट दिलेली वस्तू ती केव्हाही परत मागू शकते, हा व्यवहाराचा नियमच आहे. त्याबद्दल रोष धरण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्याच्या तीन वर्षांच्या कामाचे भवितव्य अशा मर्जीवर सोपविणाऱ्या संस्थेने मात्र विचार केला पाहिजे.

तेव्हा करावयाच्या गोष्टी तीन आहेत आणि त्यांपैकी एकीलाही नवे यंत्र लागत नाही. पहिली, संचिका वाचण्याचे तास अध्यापनाच्या कार्यभारात धरावेत आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांना त्यांचा मोबदला द्यावा. दुसरी, संचिकेत सर्व काही कोंबण्याची सक्ती नसावी. सत्राला दोन-तीनच कामे विद्यार्थ्याने निवडावीत, ती मराठीतून लिहिण्याची वा बोलून मुद्रित करण्याची मुभा असावी, आणि साध्या मोबाइलवरून ती भरता यावीत. तिसरी, पदवीच्या वेळी संपूर्ण संचिका सर्वत्र उघडता येईल अशा स्वरूपात विद्यार्थ्याच्या हाती द्यावी, आणि ती इतर कोणाला दाखवावयाची की नाही हा निर्णय त्याचाच राहावा.

पहिल्या सूचनेला पैसा लागेल, म्हणून ती मागे पडण्याचा धोका सर्वांत अधिक. प्रणालीची खरेदी अहवालात दिसते, भरलेल्या संचिकांची संख्या मूल्यांकन समितीपुढे ठेवता येते. शिक्षकाने वाचनात घालविलेली संध्याकाळ मात्र कोठल्याच तक्त्यात दिसत नाही. ज्याच्या घरात आजवर कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही, त्या विद्यार्थ्याला आपले लेखन कोणीतरी गंभीरपणे वाचले याचा पहिला अनुभव तेथेच येणार आहे. तो अनुभव देण्याची ऐपत विद्यापीठांपाशी नसेल, तर त्यांनी संचिकेचे नाव काढू नये, जर्नल आहेच.