नियमामागचे कारण

मुले शाळेच्या नियमांविषयी वाद घालू लागली की वडीलधाऱ्यांना तो उद्धटपणा वाटतो. या संदर्भात अमेरिकेतील एक खटला मननीय आहे.

डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातील डे मॉइन येथील काही विद्यार्थ्यांनी व्हिएतनाम युद्धातील मृतांच्या शोकार्थ दंडावर काळी फीत बांधण्याचे ठरविले. हे कळताच मुख्याध्यापकांनी तातडीने मनाईचा नियम केला. तरीही १३ वर्षांची मेरी बेथ टिंकर, तिचा भाऊ जॉन व क्रिस्टोफर एकहार्ट फीत बांधून गेले आणि निलंबित झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. २४ फेब्रुवारी १९६९ रोजी ७ विरुद्ध २ मतांनी विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल लागला.

न्यायालयाने शिस्त नाकारली नाही. अध्यापनात खरा अडथळा येत असेल किंवा इतरांच्या हक्कांना बाधा पोहोचत असेल, तर शाळेने अवश्य रोखावे. केवळ गडबडीची धास्ती मात्र पुरेशी नाही, असा त्याचा आशय होता.

बँकेत दोन सह्यांचा नियम कशासाठी, हे ज्या कारकुनाला उमगते, तो गर्दीच्या वेळीही तो मोडत नाही. ज्याला केवळ हुकूम ठाऊक असतो, तो साहेबांची पाठ फिरताच पळवाट शोधतो.

म्हणून वाचकहो, मुलाने ‘का?’ विचारले तर कारण सांगावे. कारण सापडत नसेल, तर नियमच पुन्हा तपासावा. उद्या पेढीचे हिशेब याच मुलांच्या हाती येणार आहेत. प्रश्न विचारण्याची सवय आज मोडली, तर उद्या खोटी नोंद त्यांच्या नजरेस कशी पडेल?