कोड लिहिण्याआधी वाचायला शिकवा

आपल्या वस्त्यांमध्ये आता कॉम्प्युटर क्लासेसची कमतरता नाही. बारावी झालेली मुलं-मुली सहा महिन्यांचा कोर्स करतात, पन्नास ओळींचा प्रोग्राम लिहितात, प्रमाणपत्र घेतात. पुढे नोकरीत समोर येतो तो इतरांनी लिहिलेला लाखो ओळींचा कोड, आणि ती गोंधळून जातात. दोष त्यांच्या अकलेचा नाही. त्यांना लिहायला शिकवलं, वाचायला कुणी शिकवलंच नाही.

भाषेच्या शिक्षकाला हे लगेच कळेल. उर्दू असो वा मराठी, ज्याने चांगलं गद्य वाचलेलं नाही, त्याला चांगला निबंध लिहिता येत नाही. कोडिंगमध्ये मात्र आपण हा क्रम उलटा करून टाकला आहे.

मोठा कोड वाचण्याची साधनं महाग असतात, हा समजही खरा नाही. फायरफॉक्स ब्राउझरचंच उदाहरण घ्या. त्याच्या पूर्वजाचा, म्हणजे नेटस्केपचा, कोड १९९८ साली जगासाठी खुला झाला. आज सी प्लस प्लस, रस्ट आणि जावास्क्रिप्टमधला हा प्रचंड पसारा कुणालाही फुकट पाहता येतो.

तो पाहण्यासाठी 'सर्चफॉक्स' नावाचं संकेतस्थळ आहे. काहीही इन्स्टॉल करावं लागत नाही, साध्या फोनवरही ते उघडतं. एखाद्या फंक्शनच्या नावावर क्लिक केलं, की ते कुठे लिहिलं आहे आणि कुठे कुठे वापरलं आहे ते समोर येतं. ओळीच्या बाजूच्या पट्टीवरून ती ओळ कुणी, कधी आणि कोणत्या तक्रारीसाठी बदलली, तेही कळतं. शब्दकोशात अर्थासोबत शब्दाची व्युत्पत्ती मिळावी, तसं हे आहे.

आपल्या भाषांचाही त्यात हिस्सा आहे. एकाच ओळीत उजवीकडून येणारी उर्दू आणि डावीकडून जाणारी मराठी नीट मांडायची कशी, याचा कोड सर्चफॉक्सवर 'बिडी' हा इंग्रजी शब्द टाकून शोधता येतो. जोडाक्षरं आणि हर्फांची जुळणी 'हार्फबझ' ही लायब्ररी करते. तिचं नाव फारसीतल्या 'हर्फ' आणि 'बाज' या शब्दांवरून आलं आहे. आपल्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे?

वाचून झालं की बांधणी. 'माक' नावाच्या एकाच आज्ञावलीतून लागणारी साधनं बसवणं, ब्राउझर बांधणं, चालवणं आणि तपासणं होतं. पूर्ण बांधणीला दमदार मशीन आणि ३०-४० जीबी मोकळी जागा लागते, हे खरं. पण ज्याला फक्त जावास्क्रिप्ट किंवा रंगरूप बदलायचं आहे, त्याच्यासाठी 'आर्टिफॅक्ट बिल्ड'ची सोय आहे. त्यात जड भाग तयारच उतरवून घेतला जातो आणि तासांचं काम मिनिटांवर येतं.

ब्राउझर संथ चालत असेल तर 'फायरफॉक्स प्रोफायलर' आहे. साधारण दर एका मिलिसेकंदाला प्रोग्राम कुठे आहे याची तो नोंद घेतो आणि वेळ नेमका कुठे खर्च झाला ते चित्रात दाखवतो. पूर्वी नीट चालणारं काही बिघडलं, तर 'मोझरिग्रेशन' जुन्या आवृत्त्या अर्ध्या-अर्ध्या वगळत जातं. हजार आवृत्त्यांमधली दोषी आवृत्ती दहाएक तपासण्यांत सापडते. अंदाज बांधू नका, मोजा आणि पुरावा दाखवा, ही शिस्त यातून मुलांच्या अंगी येते. ती कोडपुरती राहणार नाही.

काहीजण म्हणतील, आता कोड तर एआयच लिहितो. मग वाचणाऱ्याची गरज वाढली की कमी झाली? यंत्राने लिहिलेलं बरोबर आहे का, हे ठरवायला वाचता येणारा माणूसच लागतो. इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे. म्हणून तर शिक्षकाने मध्ये उभं राहून ही साधनं मराठीत, उर्दूत समजावून सांगायला हवीत.

क्लासचालकांना आणि महाविद्यालयांना माझं मागणं छोटं आहे. आठवड्यातला एक तास फक्त वाचनाला द्या. एक फंक्शन निवडा, त्याचा माग काढा आणि ते काय करतं हे मुलांना स्वतःच्या भाषेत लिहायला लावा. त्याला खर्च येत नाही. पालकांनीही फी भरण्याआधी एवढंच विचारावं: इथे दुसऱ्याचा कोड वाचायला शिकवता का?