आमच्यात नाही होत!

‘मोठ्या आतड्याचा कॅन्सर? आमच्यात नाही होत!’ भारतात त्याचं प्रमाण अमेरिकेपेक्षा कमी आहे, हे खरं. पण ते रक्तातच आहे असं नव्हे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिट्सबर्गच्या २० आफ्रिकी-अमेरिकनांना दोन आठवडे दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातलं भरपूर चोथ्याचं जेवण दिलं. तिथल्या २० जणांना अमेरिकी मांस आणि चरबी. आतड्याच्या अस्तरातली सूज पहिल्यांची घटली, दुसऱ्यांची वाढली. पूर्वज मात्र दोघांचेही आफ्रिकीच!

आतड्यात शेकडो पॉलिप उगवणारा आनुवंशिक आजार वेगळा. तो कोणत्याही समाजात, दहा हजारांत साधारण एकाला होतो. तिथे जमात नव्हे, अब्बा कशाने गेले ते डॉक्टरांना सांगावं लागतं. आणि नेमकं तेच आपण लपवतो, मुलीचा रिश्ता मोडेल म्हणून.