आधी नमुना, मग स्वेटर



घरचे सोयाबीन बियाण्याला ठेवले असेल तर पेरणीआधी आपण त्याची उगवण पाहतो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, वर पाणी शिंपडत राहायचे आणि आठवड्याने उघडून कोंब मोजायचे. शंभरात सत्तर उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरायचे, कमी उगवले तर बियाणे वाढवायचे. शंभर दाण्यांचा खर्च कोणी धरत नाही. कारण त्या शंभर दाण्यांवर पुढचे एकर ठरत असते.

विणकामाला बसलेल्या आपल्या भगिनी मात्र हीच गोष्ट विसरतात. शिरूरच्या किंवा दौंडच्या बाजारातून लोकरीच्या गुंड्या आणल्या, की त्याच रात्री सुईवर दीडशे टाके पडतात. पंधरा-वीस दिवसांनी स्वेटर उतरतो आणि तो मुलाच्या डोक्यातून जात नाही, नाहीतर पहिल्या धुण्यात गुडघ्यापर्यंत लोंबतो. मग दोष लोकरीला, दुकानदाराला, नाहीतर मुलाच्या वाढत्या अंगाला. शितावरून भाताची परीक्षा करणारी माणसे आपण, आणि इथे अख्खे भांडे उतरवल्यावर चव घेतो!

कृषी खात्यातल्या बाईने विणकामात का नाक खुपसावे, असे कोणी म्हणेल. सांगते. गावोगावच्या बचतगटांच्या बैठकांना मी जाते तेव्हा माती-परीक्षण आटोपले, की पिशवीतून सुया निघतात आणि मला प्रश्न येतात. शिवाय लोकर हे आपल्याच शिवारातले उत्पन्न आहे. त्याकडे शेवटी येते.

नमुना म्हणजे काय, तर सहा-सात इंचांचा चौकोनी तुकडा. जी लोकर, जी सुई आणि जी वीण स्वेटरला घ्यायची, तीच नमुन्याला घ्यायची. मध्यम जाडीच्या लोकरीला दहा नंबरच्या सुयांवर चाळीस टाके घाला. दोन्ही कडांचे चार-चार टाके आणि खालच्या-वरच्या चार ओळी सगळ्या सुलट विणा, म्हणजे तुकडा गुंडाळत नाही. मधला भाग हव्या त्या विणीचा. सहा इंच झाले की टाके बंद करा.

आता मोजणी. पट्टी मधोमध ठेवून चार इंचांत किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजा. कडेचे टाके धरू नका, ते नेहमी खोटे बोलतात. एका इंचात किती हे थेट मोजण्यापेक्षा चार इंचांचे मोजून भागाकार करावा, कारण अर्धा टाका नजरेतून सुटतो आणि तो अर्धा टाकाच घात करतो. कसा ते पाहा. तीस इंच छातीचा स्वेटर, पुस्तकात इंचाला पाच टाके दिले आहेत, म्हणून पुढचे-मागचे मिळून दीडशे टाके घातले. तुमचा हात घट्ट, तुमचे इंचात साडेपाच बसतात. दीडशेला साडेपाचाने भागा. सव्वासत्तावीस इंच! पावणेतीन इंच कुठे गेले, तर त्या अर्ध्या टाक्यात.

टाके जास्त बसले तर जाड सुई घ्या, कमी बसले तर बारीक. इथे एक घोटाळा होतो. आपल्याकडच्या जुन्या क्रमांकात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबर म्हणजे चार मिलिमीटर, दहा नंबर म्हणजे सव्वातीन, बारा नंबर म्हणजे पावणेतीन. अमेरिकन पुस्तकात याच्या उलट आहे. तेव्हा मुलीने मोबाइलवर परदेशी नमुना दाखवला तर नंबर न पाहता मिलिमीटर पाहा.

बचतगटाने शाळेच्या स्वेटरांचे काम घेतले असेल तर ही गोष्ट पैशाची आहे. पाच जणी विणणार, पाच जणींचे हात वेगळे. एकीचा हात ओढून, दुसरीचा ऐसपैस. सगळ्यांना एकच सुई आणि एकच टाक्यांची संख्या दिली तर ‘तीस नंबर’ म्हणून पाच मापांचे स्वेटर तयार होतील आणि शाळा ते परत करील. त्याऐवजी पहिल्या दिवशी प्रत्येकीने एक नमुना विणावा, आणि जिचा जसा हात तशी तिला सुई द्यावी. हात बदलायला सांगू नये. दोन ओळी बदलतो आणि तिसऱ्या ओळीला पुन्हा मूळपदावर येतो.

“मॅडम, नमुन्यात लोकर वाया जाते,” ही तक्रार हमखास येते. उलट नमुनाच सांगतो किती लोकर विकत घ्यायची. समजा, तुमचा तुकडा सात इंच रुंद, सहा इंच उंच भरला. म्हणजे बेचाळीस चौरस इंच. किराणा दुकानातल्या काट्यावर त्याचे वजन सोळा ग्रॅम आले. आता तीस इंच छातीचा, सोळा इंच उंचीचा स्वेटर घ्या. धड चारशे ऐंशी चौरस इंच. बाह्या चौदा इंच लांब, सरासरी दहा इंच रुंद, दोन्ही मिळून दोनशे ऐंशी. गळा आणि पट्ट्यांचे ऐंशी धरा. बेरीज आठशे चाळीस, म्हणजे तुमच्या तुकड्याच्या वीस पट. वीस गुणिले सोळा, तीनशे वीस ग्रॅम. पन्नास ग्रॅमच्या सात गुंड्या एकदम घ्या, आणि त्यांच्या कागदी पट्टीवरचा रंगाचा लॉट नंबर एकच आहे ना, ते पाहा. नंतर एक गुंडी आणायला गेलात तर रंगात फरक पडतो आणि तो नेमका छातीवर दिसतो.

मोजून झाले की तुकडा धुवा. जसा स्वेटर घरी धुतला जाणार तसाच. सून रिठ्याच्या पाण्यात हलके धुणार असेल तर तसे, आणि दगडावर आपटले जाणार असेल तर तसेच आपटा. खरी लोकर गरम पाणी, साबण आणि चोळणे या तिन्हींनी आटते व नमद्यासारखी घट्ट होते. सुती धागा ओला झाला की जड होतो आणि लोंबतो. म्हणून सुती नमुना रात्रभर दोन-चार चिमटे लावून टांगून ठेवावा आणि सकाळी मापावा. ॲक्रिलिकला पाण्याचे भय नाही, पण कडक इस्त्री लागली की ते मेल्यासारखे पडते, पुन्हा उभारी धरत नाही. लाल-पांढरे एकत्र विणायचे असेल तर तसाच दुरंगी तुकडा विणून भिजवा. रंग जायचा असेल तर तुकड्यावरच जाईल. वाळल्यावर पुन्हा माप घ्या आणि स्वेटरचे टाके या धुतलेल्या मापावर ठरवा.

यापुढची परीक्षा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बाजारात सगळ्याच धाग्याला लोकर म्हणतात. लुधियानाहून येणाऱ्या मालात शुद्ध लोकर असते, मिश्रण असते आणि निव्वळ ॲक्रिलिकही असते. पट्टी हरवलेली गुंडी कशाची हे पाहायचे असेल तर बोटभर धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची थाळी ठेवा, पोरांना लांब करा आणि टोक पेटवा. लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की बहुधा आपोआप विझते आणि मागे चुरडणारी राख राहते. सुती धागा कागदासारखा जळतो, राख मऊ, राखाडी. ॲक्रिलिक भराभर पेटते, वितळते आणि थंड झाल्यावर काळा कडक मणी उरतो, तो नखाने फुटत नाही. मिश्रण असेल तर दोन्ही खुणा दिसतात.

हा वितळणारा मणी का दाखवते? रब्बीत ज्या फीडरवर अजून रात्रपाळीची वीज आहे तिथे घरचा माणूस मध्यरात्री गव्हाला, कांद्याला पाणी द्यायला जातो आणि बांधावर शेकोटी करून बसतो. पहाटे चुलीपुढे वाकणारी बाईही अंगात स्वेटर घालूनच वाकते. वितळलेले ॲक्रिलिक कातडीला चिकटते आणि जखम खोल करते. लोकर सहसा तशी पेट घेत नाही. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही. दवात आणि पाटाच्या पाण्यात वावरणाऱ्याला याचे मोल कळेल. ॲक्रिलिक स्वस्त आहे, लवकर वाळते, शाळेच्या पोराला चांगले आहे; मी त्याच्या विरुद्ध नाही. पण शेकोटीशेजारी बसणाऱ्याला आणि चुलीशी काम करणारीला शुद्ध लोकरीचे विणावे, महाग पडले तरी.

विणींचे थोडक्यात सांगते. एकच लोकर, एकच सुई, पण वीण बदलली की माप बदलते. एक सुलट एक उलट अशी पट्टी आक्रसते, म्हणून ती मनगटाला आणि कमरेला. वेणीची वीण अंगाला दाट, पण लोकर खाते आणि रुंदी कमी करते. जाळी पसरते, थंडीला तिचा उपयोग कमी. साबुदाण्याची वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते व गुंडाळत नाही, मफलरीला आणि बाळाच्या दुपट्याला तिच्यासारखी दुसरी नाही. काळ्या लोकरीत वेणी-जाळीचे कष्ट घेऊ नयेत, दिसतच नाही.

झालेले तुकडे फेकू नका. युरोपात छापील पुस्तके सहज मिळत नसत तेव्हा मुली एकाच लांब पट्टीवर पन्नास-पन्नास विणी विणून ठेवत; तेच त्यांचे पुस्तक. आपल्याही शाळांत शिवणकामाच्या वहीत टाक्यांचे नमुने डकवायची रीत होती. एक जुनी दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर तुकडा टाका घालून लावा, उजव्या पानावर लिहा: धागा कोणता, कुठून घेतला, भाव, सुई, टाके-ओळी धुण्याआधी आणि नंतर. वही भरली की तुकडे काढून जोडावेत, लहान मुलाची वाकळ होते.

आता आपल्या शिवारातली लोकर. शिरूर-दौंडच्या माळावर हिंडणाऱ्या मेंढ्या दख्खनी जातीच्या. धनगर बांधवांचा वाडा आपण खतासाठी शेतात बसवतो, पण त्या मेंढीच्या पाठीवर काय आहे ते क्वचितच हातात घेऊन पाहतो. वर्षातून दोनदा कातरून एका मेंढीची लोकर जेमतेम अर्धा-पाऊण किलो. ती जाडीभरडी, केसाळ, बहुतेक काळी. हिचेच सूत धनगर स्त्रिया चरख्यावर कातत आणि सणगर हातमागावर चिंचोक्याची खळ देऊन घोंगडी विणत. आज घोंगडीला गिऱ्हाईक थोडे आणि लोकरीला भाव त्याहून थोडा. मेरिनोशी संकर करून लोकर सुधारण्याचे काम राहुरीच्या कृषी विद्यापीठात झाले. फलटणच्या निंबकर संस्थेने तर जुळी कोकरे देणाऱ्या मेंढीवर भर दिला. मेंढपाळाचा पैसा कोकरात आहे, हे त्यातून दिसतेच.

मग ही लोकर विणायला चालेल का? याचे उत्तर मी देणार नाही, नमुना देईल. पण काही गोष्टी सांगून ठेवते. तीस मायक्रॉनहून जाड तंतू कातडीला टोचतो, आणि दख्खनी लोकरीत असे तंतू भरपूर. तेव्हा नमुना गळ्याशी पोलक्याच्या आत अर्धा तास ठेवून कामाला लागा. लाल चट्टा उठला तर अंगाला नको. त्याचे आसन, पिशवी, खाटेवरची बैठक विणा. कोकराची पहिली कातरण, जावळ, बरीच मऊ असते. तिचा नमुना वेगळा विणावा. घोंगडीचे एकेरी सूत सुईवर घेतले तर तुकडा तिरका होतो, कारण पीळ एकाच अंगाला असतो. दोन सुते एकत्र घेऊन उलट दिशेने पीळ द्या. धाग्याचा फास सैल लोंबू द्यावा. स्वतःभोवती गुंडाळला नाही तर पीळ जमला. कानटोपीला आतून जुन्या धोतराचे अस्तर लावले तर टोचण्याची तक्रार राहत नाही.

दिवाळीनंतर बरेच वाडे घाट उतरून कोकणाकडे जातात. तुमच्या शेतात मेंढ्या बसल्या असतील तर त्याआधी अर्धा किलो जावळ मागून ठेवा, आणि त्यांच्या घरातल्या आजीला सूत कसे कातायचे तेही विचारून घ्या.